बालसंधिवात : केसपेपरवर आकडा हवा

मोठ्या सरकारी रुग्णालयात उपचार घेणाऱ्या, सांधे सुजणाऱ्या एखाद्या मुलाचा दोन-तीन वर्षांचा केसपेपर उलगडला, तर बहुतेक पानांवर तारीख, वजन, औषधांची नावे आणि ‘सीएसटी’ ही तीन अक्षरे दिसतात. सीएसटी म्हणजे आहे तेच औषध पुढे चालू. मधूनच ‘बरे वाटते’, ‘उजवा गुडघा किंचित सुजलेला’, ‘दुखणे कमी’ असे शेरे असतात आणि ते लिहिणारा हात दर वेळी वेगळा असतो, कारण निवासी डॉक्टर ठरावीक काळाने बदलत राहतात. सहा महिन्यांपूर्वीचे ‘किंचित’ आणि आजचे ‘किंचित’ यांत फरक किती, हे त्या कागदावरून कोणालाच सांगता येत नाही. मूल सुधारते आहे, जागच्या जागी आहे की हळूहळू खालावते आहे, हा उपचारातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अनुत्तरित राहतो आणि औषध मात्र चालू राहते. बालसंधिवात असलेल्या प्रत्येक मुलाच्या आजाराचा जोर प्रत्येक भेटीत आकड्यात मोजून केसपेपरवर लिहिला गेला पाहिजे, राज्यातल्या सार्वजनिक रुग्णालयांत हे बंधनकारक असावे, आणि औषध बदलायचे की नाही हे ठरवताना तो आकडा समोर असावा, असे माझे मत आहे. त्याच आकड्यावर बोट ठेवून कोणत्याही मुलाचे औषध अडवले जाऊ नये, हा या मताचाच दुसरा भाग आहे.

‘लहान मुलाला कसला संधिवात’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मूल लंगडू लागले की पडले असेल, मुका मार असेल, वाढीचे दुखणे असेल अशी समजूत घातली जाते आणि त्यात महिनेच्या महिने निघून जातात. प्रत्यक्षात सोळा वर्षांच्या आत सुरू होणारी, सहा आठवड्यांहून अधिक टिकणारी आणि दुसरे कोणतेही कारण न सापडणारी सांध्यांची सूज म्हणजे बालसंधिवात, अशी त्याची जगभर मान्य असलेली व्याख्या आहे. 1997 साली डर्बन येथे आणि 2001 साली एडमंटन येथे ठरलेल्या वर्गीकरणानुसार त्याचे सात प्रकार पडतात. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांनुसार एक लाख मुलांमागे 16 ते 150 मुलांना हा आजार असतो. सूज आत धुमसत राहिली तर कूर्चा झिजते, गुडघा वाकलेलाच राहतो, सुजलेल्या गुडघ्याचा पाय दुसऱ्या पायापेक्षा लांब वाढतो, जबड्याच्या सांध्यात आजार शिरला तर हनुवटी मागे राहते. हे नुकसान एकदा झाले की कोणत्याही औषधाने भरून येत नाही, आणि ते टाळता येण्याजोगे असते, म्हणूनच ते मला असह्य वाटते.

टाळता येण्याजोगे यासाठी म्हणतो की औषधे आज हाताशी आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायचे मेथोट्रेक्सेट, थेट सांध्यात द्यायचे स्टेरॉइडचे इंजेक्शन, आणि त्यांनी भागले नाही तर एटानरसेप्ट, अडालिमुमॅब, टोसिलिझुमॅब यांसारखी जैविक औषधे, अशी चढती पायरी आता सर्वत्र रूढ आहे. पुढची पायरी केव्हा चढायची, हा खरा प्रश्न आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी त्याचे स्पष्ट उत्तर दिले. उपचाराचे लक्ष्य आधी ठरवावे, ते लक्ष्य शक्यतो आजार पूर्ण शांत होणे हे असावे, तीन महिन्यांत आजाराचा जोर निदान निम्म्याने उतरावा आणि सहा महिन्यांत लक्ष्य गाठले जावे; तसे झाले नाही तर उपचार बदलावा. ज्या केसपेपरवर पहिल्या दिवशीचा जोरच लिहिलेला नाही, त्या मुलाचा जोर तीन महिन्यांनी निम्मा झाला की नाही, हे कशाच्या आधारे ठरवणार? शिफारस कितीही चांगली असली तरी मोजणी नसेल तर ती कागदावरच राहते.

मोजणी राहून जाण्यामागे एक सच्ची अडचण आहे. मधुमेहात साखर मोजता येते, तापाला थर्मामीटर आहे. बालसंधिवाताचा जोर सांगणारी तशी एकच एक तपासणी नाही. प्रौढांच्या आमवातात रक्तातल्या ज्या आरए फॅक्टरचा आधार घेतला जातो, तो या मुलांपैकी बहुतेकांत नकारात्मकच येतो. एकच गुडघा टम्म सुजलेल्या मुलाचा ईएसआर (शरीरातल्या सुजेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) पूर्णपणे सामान्य असू शकतो. दोन-तीन वर्षांचे मूल ‘दुखते’ असे म्हणतही नाही. ते सकाळी उठल्यावर कडेवर घ्या म्हणते, जिना उतरताना दोन्ही पाय एकाच पायरीवर ठेवते, आणि दुपारपर्यंत इतके मोकळे खेळू लागते की दुपारच्या ओपीडीत त्याला काही झाले आहे असे कोणालाही वाटू नये. एका खुणेवर भिस्त ठेवली तर फसगत ठरलेली, म्हणून अनेक खुणा एकत्र करून गुण काढण्याची पद्धत पुढे आली.

1997 साली तिची पहिली व्यवस्थित मांडणी झाली. डॉक्टरांचे एकूण मत, पालकांचे किंवा मुलाचे एकूण मत, रोजच्या कामांची क्षमता, सूज असलेल्या सांध्यांची संख्या, हालचाल आखडलेल्या सांध्यांची संख्या आणि ईएसआर, अशा सहा गोष्टींपैकी निदान तीन 30 टक्क्यांनी सुधारल्या आणि एकाहून अधिक गोष्ट तितकी बिघडली नाही, तर औषध लागू पडले असे मानायचे ठरले. औषधांच्या चाचण्यांसाठी ही कसोटी उत्तम होती आणि नव्या औषधांचा मार्ग तिनेच मोकळा केला. पण ती फक्त बदल सांगते. वीस सांध्यांवरून बारा सांध्यांवर आलेले मूल या कसोटीवर ‘सुधारलेले’ ठरते, आणि बारा सुजलेले सांधे घेऊन शाळेत जाते. ओपीडीत बसलेल्या डॉक्टरला आज, या घटकेला, या मुलाचा आजार किती आहे हे कळायला हवे असते.

ती गरज 2009 साली इटलीतल्या जिनोआ येथील वैद्यकांच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘जेडास’ या गुणांकनाने भागवली. त्यात चारच गोष्टी आहेत : डॉक्टरांनी शून्य ते दहा या पट्टीवर दिलेले गुण, पालकांनी किंवा मुलाने एकूण बरे-वाईट कसे आहे याला त्याच पट्टीवर दिलेले गुण, सुजलेल्या किंवा सक्रिय सांध्यांची संख्या, आणि ईएसआरचे शून्य ते दहांत बसवलेले रूप. सांधे 71 मोजायचे, निवडक 27 मोजायचे की कोणतेही मोजून दहावर थांबायचे, यानुसार त्याच्या तीन आवृत्त्या होतात. दहावर थांबणारी आवृत्ती 40 गुणांची आहे. पुढे ईएसआर वगळून उरलेल्या तीन गोष्टींचीच बेरीज केली तरी निष्कर्ष फारसा बदलत नाही असे दिसून आले आणि 30 गुणांची, रक्ततपासणीची वाट न पाहणारी आवृत्ती रुळली. तिला क्लिनिकल जेडास म्हणतात. तीन आकडे, एक बेरीज. कॅल्क्युलेटरही लागत नाही. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक रुग्णालयांसाठी हीच आवृत्ती निवडावी असे मला ठामपणे वाटते, आणि त्यामागचे कारण सोयीपेक्षा मोठे आहे.

ते कारण आपल्या मुलांच्या रक्तात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 67.1 टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्राचा आकडा 68.9 टक्के होता. रक्तक्षयात ईएसआर सांध्यांशी काहीही संबंध नसताना वाढतो. वारंवार होणारे संसर्ग, क्षयरोग, दातांची कीड, कानातला पू यांनीही तो चढतो. जेडासमध्ये ईएसआरमधून वीस वजा करून दहाने भागतात. म्हणजे केवळ रक्तक्षयामुळे ईएसआर 50 आलेल्या मुलाच्या पदरी, एकही सांधा सुजलेला नसताना, तीन गुण पडतात. शांत आजाराची मर्यादा ओलांडायला तेवढे पुरतात. अशा मुलाला लोहाची गरज असताना मेथोट्रेक्सेटचा डोस वाढवला जाण्याचा धोका खरा आहे. युरोपातल्या मुलांसाठी घडवलेले मापक जसेच्या तसे उचलताना हा विचार आपणच करायचा असतो, दुसरे कोणी तो आपल्यासाठी करणार नाही.

ईएसआरचा दुसरा दगा याहून गंभीर आहे. रोज ठरावीक वेळी ताप, अंगावर येणारे-जाणारे पुरळ आणि सांध्यांची सूज असा सर्वांगीण बालसंधिवात काही मुलांना होतो. त्यात कधीकधी शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःवरच उलटते आणि मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोम नावाची जीवघेणी अवस्था येते. त्या वेळी रक्त गोठवणारे आणि ईएसआर चढवणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन संपत जाते आणि शंभरावर असलेला ईएसआर झपाट्याने खाली येतो. कागदावर पाहणाऱ्याला वाटावे की मूल सुधारते आहे. मूल तापाने फणफणलेले असते, प्लेटलेट घसरत असतात, रक्तातले फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन हजारांत गेलेले असते. 2016 साली ठरलेल्या निकषांत तापासोबत फेरिटिन 684 च्या वर जाणे ही म्हणूनच पहिली अट ठेवली आहे. या प्रकारच्या मुलांसाठी ताप, पुरळ, यकृत-प्लीहेची वाढ यांचे गुण जोडणारी जेडासची वेगळी आवृत्ती आता उपलब्ध आहे आणि तीच वापरली पाहिजे.

सांधे मोजणे हे या साऱ्याचे हृदय आहे, आणि ते शिकल्याशिवाय येत नाही. सक्रिय सांधा म्हणजे सुजलेला सांधा. सूज नसेल तर हालचाल आखडलेली आणि त्याबरोबर हलवताना दुखणारा किंवा दाबल्यावर दुखणारा सांधा. गुडघ्याच्या वाटीशेजारची खळगी भरून आली आहे का, हे आधी नजरेने पाहायचे. मग आतल्या बाजूने तळहाताने वर पुसत नेऊन बाहेरच्या बाजूने हलका दाब दिला की थोडेसे पाणी असले तरी आतल्या बाजूला फुगवटा उमटतो. मनगटांसाठी मुलाला नमस्कार करायला सांगायचे आणि कोपरे वर उचलायला लावायची. ज्या मनगटात आजार आहे तिकडचे तळवे एकमेकांपासून सुटतात. जबड्यासाठी मुलाला त्याचीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगायचे. यातले नमस्कार आणि तीन बोटे हे दोन्ही ‘पीगॅल्स’ या तपासणीचे भाग आहेत. इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांसाठी बेतलेली आणि 2006 साली प्रसिद्ध झालेली ही तपासणी दोनेक मिनिटांत होते. बालरोगतज्ज्ञ होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला हृदयाचा मर्मर ऐकायला शिकवतात तितक्याच आग्रहाने हे शिकवले गेले पाहिजे. एमडीच्या परीक्षेत सांध्यांची केस क्वचित ठेवली जाते आणि विद्यार्थी जे परीक्षेत येते तेच मन लावून शिकतात, ही वस्तुस्थिती बदलणे विद्यापीठाच्या हातात आहे.

अनेक सरकारी रुग्णालयांत बारा वर्षांपुढची मुले मेडिसिन विभागाकडे जातात. तिथे प्रौढांचे डीएएस-28 हे गुणांकन हाताखालचे असते. त्या 28 सांध्यांत घोटा आणि पाऊल मोजतच नाहीत. मुलांमध्ये, विशेषतः आपल्याकडच्या किशोरवयीन मुलग्यांमध्ये, घोटा हा आजाराचा आवडता सांधा आहे. तेरा वर्षांचा मुलगा दोन्ही घोटे सुजून लंगडत आला आणि मोजणीत त्याला शून्य सांधे मिळाले, असे या मापकाने होऊ शकते. मुलांना मुलांचे मापक लागते.

आता पालकांच्या गुणांकडे येतो, कारण सगळ्यांत जास्त शंका तिथेच घेतली जाते. ‘अशिक्षित आईला शून्य ते दहा काय कळणार’ असे मी सुशिक्षित तोंडांतून अनेकदा ऐकले आहे आणि ते मला मुळीच मान्य नाही. भाजीचा भाव, उधारी, दुधाचा हिशेब, बचतगटाचे हप्ते चोख ठेवणारी बाई दहापैकी किती हे नक्की सांगू शकते. प्रश्न नीट विचारला गेला पाहिजे. ‘मुलाच्या आजाराचा त्याच्यावर होणारा सर्व परिणाम विचारात घेता त्याचे एकूण स्वास्थ्य कसे आहे’ असे वाक्य वाचून दाखवले तर प्राध्यापकही गोंधळेल. ‘या आठवड्यात पोर कसं होतं? एकदम चांगलं असेल तर शून्य, याहून वाईट असूच शकत नाही असं असेल तर दहा. तुम्ही किती म्हणाल?’ असे विचारले की उत्तर येते. पहिल्या भेटीत ते डगमगत येते, तिसऱ्या भेटीपर्यंत आई स्वतःहून ‘मागच्या वेळी सहा म्हटलं होतं, आता तीन’ असे सांगू लागते. पट्टीचे रूपही सुधारले आहे. पूर्वी दहा सेंटिमीटरची आडवी रेघ असे, आणि तीच गोम होती. झेरॉक्सची झेरॉक्स काढता काढता ती रेघ लहान-मोठी होई आणि मोजपट्टीने काढलेले गुण चुकत. आता शून्यापासून दहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या गुणाची एकवीस वर्तुळे छापतात आणि त्यांतल्या एकावर खूण करायची असते.

गुण विचारताना मुलालाही विचारले पाहिजे, आणि त्याचे उत्तर वेगळे लिहिले पाहिजे. आठ-नऊ वर्षांचे मूल आपल्या शरीराबद्दल विश्वासाने सांगू शकते. त्याचे आणि आईचे गुण जुळत नाहीत तेव्हा ती विसंगती चूक म्हणून खोडायची नसते. मूल इंजेक्शन टाळण्यासाठी दुखणे लपवते आहे, की आई पुढच्या खर्चाच्या धास्तीने ते कमी सांगते आहे, की मुलाला शाळेत कोणी चिडवते आहे, हे त्या फरकामुळेच विचारावेसे वाटते. ओपीडीत सगळे संभाषण पालक आणि डॉक्टर यांच्यात होते आणि ज्याचे सांधे दुखतात ते मूल टेबलाच्या कडेला उभे असते. त्याच्यासाठी राखलेला एक रकाना त्याला बोलते करतो, आणि माझ्या दृष्टीने या आग्रहामागचे ते एक मोठे कारण आहे.

रोजच्या कामांच्या क्षमतेबद्दल तीस प्रश्नांची ‘सीएचएक्यू’ ही प्रश्नावली 1994 पासून वापरात आहे. मूळ प्रश्नावलीत टबमध्ये शिरून आंघोळ करता येते का असे विचारले आहे. आपल्या मुलाला विचारायला हवे ते वेगळे : उकिडवे बसता येते का, मांडी घालून जेवता येते का, बालदीतले पाणी तांब्याने अंगावर घेता येते का, परिपाठाला उभे राहता येते का, दप्तर उचलून एसटीची पायरी चढता येते का. सकाळचा ताठरपणा किती मिनिटे टिकतो हे मोजण्याचे महत्त्वही परिपाठाशी जोडलेले आहे. आजार शांत आहे असे म्हणण्याच्या 2011 सालच्या निकषांत तो पंधरा मिनिटांहून अधिक नसावा अशी अट आहे, आणि सातची शाळा असलेल्या मुलाला पाऊण तासाचा ताठरपणा म्हणजे अख्खा पहिला तास. अशी प्रश्नावली दर भेटीला भरणे शक्य नाही हे मान्य. वर्षातून एकदोनदा भरली तरी चालेल.

वेळ नाही, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो मी हलका लेखत नाही. एका सकाळी शे-दीडशे मुले तपासणाऱ्या निवासी डॉक्टरला आणखी एक काम सांगणे सोपे नाही. परंतु बालसंधिवाताची मुले त्या गर्दीत मूठभर असतात. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांच्यासाठी आठवड्यातली एक दुपार राखून ठेवणे शक्य आहे. पालकांचे आणि मुलाचे गुण रांगेत बसल्या बसल्या परिचारिका किंवा समाजसेवा अधीक्षक विचारून घेऊ शकतात. सांधे तपासणे हे तर डॉक्टरने करायचेच काम आहे. ते न तपासता ‘सीएसटी’ लिहिल्याने वाचलेला वेळ मुलाच्या हिशेबातून गेलेला असतो. दुसरा आक्षेप असा की डॉक्टरांचे गुण व्यक्तीनुसार बदलतात. बदलतात, हे खरे आहे. एकाच मुलाला एक डॉक्टर दोन देईल, दुसरा चार देईल. पण ‘किंचित’ आणि ‘बरे’ हे शेरेही व्यक्तीनुसार बदलतात, फक्त तो फरक दिसत नाही. दोन आणि चार कागदावर उतरले की विभागात बसून त्यावर बोलता येते आणि एकमेकांचे हात जुळवता येतात.

आकडा काय पाहत नाही, हेही त्याच्या शेजारीच लिहिलेले असले पाहिजे. जेडासमध्ये डोळा नाही. लहान वयात, मोजक्या सांध्यांत आजार सुरू झालेल्या आणि एएनए ही रक्ततपासणी सकारात्मक असलेल्या मुलांमध्ये, त्यातही मुलींमध्ये, डोळ्याच्या आत सूज येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही, आणि मोतीबिंदू किंवा काचबिंदू झाल्यावर ते उघडकीस येते. युरोपाच्या तुलनेत भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींत हे प्रमाण कमी दिसते, पण ज्या मुलीची दृष्टी जाते तिला त्या तुलनेचा काही उपयोग नाही. तिचे सांधे पूर्ण शांत आणि गुण शून्य असतानाही नेत्रतज्ज्ञाकडून स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी लागते. आपल्याकडे मोठ्या संख्येने दिसणाऱ्या, टाचा, कंबर आणि नितंबाचे सांधे धरणाऱ्या प्रकारात टाचेच्या स्नायुबंधाची सूज आणि माकडहाडाजवळची वेदना जेडासमध्ये मोजली जात नाही. त्यासाठी वेगळे मापक आहे.

मी मागणी करतो ती रबरी शिक्क्याची. सरकारी रुग्णालयांत केसपेपरवर शिक्के मारण्याची पद्धत जुनीच आहे. बालसंधिवाताच्या शिक्क्यात सहा रिकाम्या जागा असाव्यात : सक्रिय सांधे, डॉक्टरांचे गुण, पालकांचे गुण, मुलाचे गुण, सकाळचा ताठरपणा मिनिटांत, आणि डोळे शेवटचे तपासल्याची तारीख. नंदुरबारहून नाशिकला, नाशिकहून मुंबईला फिरणाऱ्या मुलाबरोबर हा शिक्का फिरतो. संगणकातली नोंद फिरेलच असे नाही. शिक्क्यात ‘सौम्य’, ‘मध्यम’, ‘तीव्र’ असे शब्द मात्र मुळीच नसावेत. एका उदाहरणाने कारण स्पष्ट होईल. एक गुडघा सुजलेला आहे, डॉक्टरांनी दोन गुण दिले, आईने दोन दिले, बेरीज पाच. मोजक्या सांध्यांच्या प्रकारात 2014 च्या मर्यादांनुसार चारच्या वरचे मूल ‘तीव्र’ गटात पडत होते. 2021 साली या मर्यादा नव्याने आखल्या गेल्या आणि त्यांनुसार तेच मूल ‘मध्यम’ गटात आले. गुडघा तोच, सूज तीच. नाव बदलते, आकडे टिकतात, म्हणून घटक आकडेच लिहून ठेवावेत आणि नाव ज्या त्या काळाच्या मर्यादांनुसार ठरवावे.

हेच उदाहरण मला सरकारी आरोग्य योजनांच्या प्रश्नाकडे आणते. महागड्या जैविक औषधांना सार्वजनिक पैसा मिळायचा असेल तर कोणीतरी निकष मागणार, आणि तो मागणे रास्त आहे. जेडासचा आकडा हाती आला की ‘अमुक गुणांच्या वर असेल तरच मंजुरी’ असा नियम करण्याचा मोह प्रशासनाला होईल. तो नियम दोन्ही बाजूंनी घातक ठरेल. फक्त नितंबाचा एक सांधा किंवा फक्त जबडा धरलेल्या मुलाची बेरीज चार-पाचच्या वर जाणार नाही, आणि तरीही त्याला औषध तातडीने हवे असेल. ज्या मुलीचे सांधे शांत आहेत पण डोळ्यातली सूज मेथोट्रेक्सेटला दाद देत नाही, तिचे गुण शून्य असतील आणि तिला अडालिमुमॅब लागेल. शिवाय मंजुरी आकड्यावर टांगली की आकडा फुगवला जाईल. मुलाच्या भल्यासाठी डॉक्टर स्वतःच्या गुणांत दोनाची भर घालतील, आईला कोणीतरी ‘आठ सांगा’ असे शिकवेल, आणि मग तीच संख्या उपचाराच्या निर्णयाला निरुपयोगी होईल. म्हणून मंजुरीच्या अर्जात गेल्या तीन भेटींचे घटक आकडे जोडावेत, कोणता सांधा किंवा अवयव धोक्यात आहे हे उपचार करणाऱ्याने शब्दांत लिहावे, आणि निर्णय मुलांचे सांधे तपासणाऱ्या तज्ज्ञाने घ्यावा.

मोजणीच्या आधी मूल सापडावे लागते, आणि त्यासाठीची यंत्रणा उभी आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या मूळ यादीत जन्मजात व्यंगे, रक्तक्षय, दातांची कीड, संधिवाताच्या तापाने होणारा हृदयविकार असे सुमारे तीस आजार आहेत. बालसंधिवात त्यांत नाही. फिरत्या पथकाच्या तपासणीत पीगॅल्सची दोन मिनिटे घालावीत, लंगडणारे किंवा सकाळी आखडणारे मूल दिसले की जिल्हा रुग्णालयात पाठवावे, आणि तिथे पहिल्याच दिवशी शिक्का मारून सहा जागा भराव्यात. राज्याला यासाठी नवी इमारत, नवे यंत्र किंवा नवे पद लागत नाही. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन विभागांचे एक संयुक्त परिपत्रक लागते, आणि ते येत्या शैक्षणिक वर्षात निवासी डॉक्टरांची नवी तुकडी रुजू होण्यापूर्वी निघावे.